शेवटचं टिंब

फेब्रुवारी. सारेमा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर
समुद्र अर्धा गोठलेला, अर्धा नाही.
कारखान्यात डांबराचा आणि ओल्या ओकचा वास,
आणि मी, इथली हिशेबनीस, बाबांच्या खुर्चीत.
दोन दिवस झाले, मेल येत नाही.

गॉटलंडहून आरविदचा फोन आला:
"वल्ह्यांचं पत्र पाठवलं, परत आलं.
असं घरच नाही म्हणे."

मेल नव्या सर्व्हरवर मीच हलवली होती, शनिवारी,
कॉफी गार होईपर्यंतचं काम.
आता बघते तर मी लिहिलंय
डाक.वेस्केला.ईई
आणि शेवटी टिंब नाही.
टिंब नसलं की यंत्राला वाटतं, नाव अर्धंच सांगितलं,
शाळेच्या पहिल्या दिवशी पोर सांगतं तसं;
मग ते आपणहून मागे आडनाव लावतं:
डाक.वेस्केला.ईई.वेस्केला.ईई
अशा पत्त्यावर जगात कोणी राहत नाही.

टिंब दिलं. अनुक्रमांक एकानं वाढवला.
मग सबंध फाइल वरून खाली वाचत गेले,
वाल्दुर कास्क यांची फाइल:
डावीकडे नावं, उजवीकडे आकडे,
मधली जागा रंधा मारल्यासारखी सरळ.
डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू हे नुसतं टोपणनाव,
त्याला विचारलं तर म्हणतं, थोरल्याला विचारा.
मेलला दोन दारं, दहा आणि वीस,
पहिलं बंद असेल तरच दुसरं ठोठवायचं.

अर्धविरामापुढचं यंत्र वाचत नाही.
बाबा जे काही बोलले, ते तिथेच.
; हे हलवू नये
; उर्मासकरता. तो गेला की काढा
; लीलो, शेवटचं टिंब
सात वर्षांपूर्वीची ओळ.
शनिवारी घाईत मी तिच्यावरूनच खाली गेले होते.

आणि तळाशी, हवा.वेस्केला.ईई

याला उत्तर देणारं यंत्र शेडमध्ये असायचं,
बुटांच्या खोक्यात. धक्क्याखाली सोडलेली तार
दर दहा मिनिटांनी सांगायची पाणी किती गार.
कोळी सकाळी आधी ते बघायचे, मग आकाश.
एका नोव्हेंबरात लाटा शेडमध्ये शिरल्या, खोकं गेलं.
पुढच्या वर्षी बाबा.
ओळ मात्र तशीच बोट दाखवत उभी:
२०३.०.११३.४२

मी तो आकडा उघडून पाहिला.
तार्तूत कुणाच्या तरी घरचा कॅमेरा,
पासवर्ड मागत होता.
म्हणजे इतकी वर्षं बाबांची पाटी परक्याच्या दारावर,
आणि उद्या त्या घरात भामटा आला
तर तो आमच्या नावानं बोलणार.

गावात म्हणतात, पोरीनं बापाचं नाव काढलं.
म्हणू देत. कोपऱ्यात अजून उपडी पडलीय
त्यांच्या हातची शेवटची नाव,
तळाच्या दोन फळ्या कमी.
तीही मी पुरी केलेली नाही.

ओळ पुसली नाही.
तिच्या आधी एक अर्धविराम टाकला.
जगाच्या लेखी नाव काढलं,
माझ्या लेखी ते आता बाबांच्या बाकीच्या बोलण्यात जाऊन बसलं.
अनुक्रमांक पुन्हा एकानं.

तरी लगेच जात नाही. ८६४०० सेकंद,
हे त्यांनीच ठरवलेलं: एकदा विचारलंत ना,
मग दिवसभर लक्षात ठेवा,
घडोघडी येऊन म्हाताऱ्याला दमवू नका.
तेव्हा उद्या दुपारपर्यंत कुठेतरी,
विस्बीत म्हणा, रीगात म्हणा,
एखाद्या यंत्राला अजून पाठ असेल
आमचा समुद्र कुठे विचारायचा ते.

संध्याकाळी आरविदचं पत्र आलं.
एक जोडी, साडेतीन मीटर, ॲशचं लाकूड, घाई नाही.
मी कोट चढवून धक्क्यावर गेले
आणि बर्फाच्या कडेला वाकून
पाण्यात हात घातला.